पाण्याची इस्त्री

चोवीस वर्षं नोकरी केली, त्यातली बावीस घरापासून लांब. शेवटच्या पोस्टिंगचा कागद आला त्यावर बंगळुरू लिहिलं होतं. बनशंकरीतल्या माझ्या घरापासून युनिटचं गेट सायकलनं पाऊण तास. बायकोनं विचारलं, "म्हणजे रोज घरी जेवणार?" त्या आवाजात आनंद किती आणि धास्ती किती, ते मला अजून उमगलेलं नाही.

मी सॅपर. म्हणजे फौजेतला इंजिनिअर, पण टाय लावणारा नव्हे. पूल बांधणारा, सुरुंग काढणारा, बोटी चालवणारा. त्यातही मी बोटींचा माणूस. आसामच्या पुरात एका बोटीतून एकशे सत्तर माणसं, अकरा म्हशी आणि एक हार्मोनियम मी काठाला लावली आहे. पाहुण्यांना कॉफी देतानाच आमची बायको सांगून ठेवते, ह्यांच्या गोष्टीतून निम्मं वजा करा. मी म्हणतो, निम्मं फार होतं, म्हशी तेवढ्या कमी करा.

आज लिहितो आहे ती गोष्ट आपल्या बंगळुरूच्या मराठी समाजातल्या बहुतेकांनी माझ्या तोंडून ऐकली आहे. लग्नात, बारशात, गृहप्रवेशात, पंगत उठली की कोणीतरी म्हणतंच, गोविंदण्णा, ती विमानाची सांगा. मग मी सांगतो. त्यात सहा फुटी लाटा आहेत, एक मगर आहे, आणि मी आहे. समाजाच्या स्मरणिकेच्या लोकांनी ती लिहून मागितली. बोलताना जे चालून जातं ते लिहिताना हाताला टोचतं, असा अनुभव आला. म्हणून खाली दिलेल्या वेळा माझ्या त्या दिवसाच्या डायरीतल्या आहेत. त्यात एक मिनिटही माझ्या खिशातलं नाही.

एका खासगी कंपनीनं पाण्यावर उतरणारं विमान आणलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. येलहंक्याच्या पुढे तासाभरावर एक मोठा तलाव आहे, तिथं पाहुण्यांना बोलावून विमान उतरवून दाखवायचं होतं. सेफ्टी बोटी लागणार होत्या आणि त्या आमच्याकडे होत्या. मेजर साहेबांनी मला बोलावलं. "गोविंद राव, दोन बोटी, सहा माणसं, चार दिवस. विमानवाले सांगतील ते करायचं. पाण्यात कोणी पडला तर काढायचा."

"साहेब, पाण्यात न पडलेला पण काढून दाखवतो," मी म्हणालो.

"पडलेलाच काढ," साहेब म्हणाले.

बोट वनवर आम्ही तिघं. पुढे मी, वॉकी-टॉकी माझ्याकडे. मागे ओबीएमवर, म्हणजे बोटीच्या शेपटीला लावतात त्या मोटारीवर, नाईक मंजुनाथ राव. मध्ये सॅपर सेल्वम, तमिळ पोरगा, चार दिवसांत चार वाक्यं बोलला असेल. मंजू आमच्यातलाच, बनशंकरीचा. मी वस्तीच्या सेकंड स्टेजला, तो थर्ड स्टेजला. त्याचा भाऊ पीण्याला कारखान्यात लेथवर. साहेबांसमोर तो मला 'हवालदार साब' म्हणायचा, बोट काठापासून दहा हात गेली की 'अण्णा'. पाण्यावर आम्ही दोघं घरचं मराठी बोलायचो, अर्धं कानडी मिसळलेलं. सेल्वमला त्यातलं 'स्वल्प' आणि 'सरी', म्हणजे 'जरा' आणि 'बरं', एवढंच कळायचं आणि तेवढ्यावर त्याचं काम चालायचं.

विमान बघून मी थक्क झालो. खाली पोट नावेचं, वर पंख, इंजिन डोक्यावर एका खांबावर बसवलेलं, पंखांच्या टोकांना दोन तरंगते भोपळे. मंजू म्हणाला, "अण्णा, हे विमान आहे का होडीनं पक्षी गिळलाय?"

त्याचे कॅप्टन नेव्हीतून रिटायर झालेले. उंच माणूस, बोलणं मोजकं. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला काठावर बसवून समजावलं. वारा असला की पाण्यावर सुरकुत्या असतात, त्या बघून पायलटला कळतं पाणी किती खाली आहे. वारा पडला की पाणी आरशासारखं होतं. मग वरून पाणी दिसतच नाही. वर आभाळ, खाली पण आभाळ. पायलटला वाटतं अजून पन्नास फूट आहे, आणि तेवढ्यात नाक पाण्यात.

"मग काय करायचं सर?" मी विचारलं.

"मग तुम्ही यायचं. मी उतरायच्या आधी माझ्या लेनमधून फुल स्पीडनं बोट न्यायची. लाटा उठतात. त्या तीन-चार मिनिटं टिकतात. तेवढ्यात मी उतरतो. प्रत्येक अप्रोचला नवी फेरी. समजलं?"

"समजलं सर."

मंजूनं त्याला आमच्या भाषेत नाव दिलं. पाण्याला इस्त्री बसली की आपण जाऊन ती मोडायची. तीन दिवस प्रॅक्टिस झाली. रोज सहा वेळा आम्ही इस्त्री मोडली, सहा वेळा ते पाखरू बगळ्यासारखं येऊन बसलं. वॉकीवर मी कॅप्टनना सांगायचो, "वॉटर ए-वन सर, एकदम समुद्र." ते हसायचे. माझी ती सवय. साधं 'ओके' माझ्या तोंडातून निघत नाही, त्याला काहीतरी झालर लागतेच.

चौथा दिवस. सहाला फॉल-इन. लाइफ जॅकेट चेक, दोर चेक, ओबीएम चेक, पेट्रोल फुल. काठावर मांडव, खुर्च्या, पाहुणे. वारा नाही. झाडाचं पान हलत नव्हतं. तलावात मांडवाचे रंग उलटे दिसत होते.

सात अडतीसला विमान पाण्यावरून उडालं. आत दोघं. कॅप्टन आणि कंपनीची इंजिनिअर, दीपा. वजनानं चिमणी, मशीनबद्दल बोलायला लागली की आमचे साहेब पण गप्प ऐकायचे. ठरलं होतं की एक चक्कर मारून मांडवासमोर उतरायचं.

सात एकोणपन्नासला आम्ही लेनमधून फेरी मारली. नारिंगी बोयांच्या, म्हणजे तरंगत्या खुणांच्या दोन ओळी, मधून आम्ही. इस्त्री छान मोडली.

सात बावन्नला विमान खाली यायला लागलं आणि लेनच्या पलीकडच्या टोकाला, दोन बोयांच्या मधून, एक तेप्पा शिरला. तेप्पा म्हणजे वेताची गोल टोपली, त्यात बसून इथले लोक मासे धरतात. आत एक म्हातारा, मुनियप्पा. तीन दिवस त्याला काठावर थांबवला होता. चौथ्या दिवशी मागच्या बाजूनं आला.

मी वॉकीवर म्हणालो, "सर, लेनमध्ये नाव. वर जा. ओव्हर."

"रॉजर. गोइंग अराउंड."

विमान आमच्या डोक्यावरून गरजत गेलं. मांडवात टाळ्या वाजल्या. त्यांना वाटलं हे ठरलेलंच होतं. आम्ही म्हाताऱ्याकडे निघालो.

तो जाळं ओढत होता. "स्वल्प निल्री," म्हणाला, म्हणजे जरा थांबा. जाळं रात्रीपासून टाकलेलं, निम्मं वर आलं होतं.

"अज्जा, जाळं सोड, बाहेर हो," मी कानडीत म्हणालो.

"जाळं वाहून जाईल."

"मी आणून देतो. माझा शब्द. हो बाहेर."

त्याला घाई करायला आम्ही तेप्प्याभोवती तीन वेढे घातले. त्यानं मला शिव्या दिल्या, जाळं सोडलं आणि काठाकडे वल्हवत गेला. जाळं बोयांच्या ओळीजवळ तरंगत राहिलं. त्याचे फुगे दिसत होते. म्हटलं, विमान उतरलं की उचलू.

सात अठ्ठावन्न. मंजूनं मोटार कमी केली आणि लेनकडे बघितलं. त्याचं वाक्य मला शब्द न् शब्द आठवतं.

"अण्णा, इस्त्री बसली परत. एक फेरी मारू."

मी बघितलं ते आमच्या बोटीच्या आसपासचं पाणी. तिथं आमच्याच तीन वेढ्यांच्या लाटा हिंदकळत होत्या. बोट डुलत होती. डुलणाऱ्या बोटीत बसलेल्या माणसाला सगळा तलाव डुलताना वाटतो.

"इथं बघ की किती लाटा आहेत," मी म्हणालो.

"इथं आहेत. तिथं नाहीत."

"वेळ नाही मंजू. ते वळलेत."

वॉकी बोलला. "बोट वन, वॉटर ओके? ओव्हर."

आम्ही लेनच्या मधल्या भागापासून तीनशे मीटर लांब होतो. फेरी मारायला दीड मिनिट लागलं असतं. 'सर, थांबा' म्हणायला दोन सेकंद. मांडवात पाहुणे होते, आमचे साहेब होते, एकदा विमान परत गेलं होतं. मी बटण दाबलं.

"ए-वन सर. एकदम समुद्र. ओव्हर."

"रॉजर."

आठ वाजून एक मिनिट. विमान सरळ येत होतं, सुंदर, जरासं नाक वर. मग ते उतरलं नाही. ते पाण्यात शिरलं. आवाज पाण्याचा नव्हता, पत्र्याचा होता. नाक खाली गेलं, शेपूट वर आलं, डावा भोपळा तुटून उडाला, विमान गर्रकन फिरून पाठीवर पडलं आणि बोयांच्या ओळीवर जाऊन थांबलं. नावेचं पोट वर, पांढरं. मांडवात कोणीच ओरडलं नाही. सगळे उभे राहिले एवढंच.

मंजूनं मोटार फुल स्पीडवर टाकली होती. मी काही सांगायच्या आत.

आठ दोनला आम्ही पोचलो. पेट्रोलचा वास. आठ तीनला कॅप्टन बाजूच्या दारातून स्वतः वर आले. कपाळ फुटलेलं. बोट टूनं त्यांना ओढून घेतलं. ते एकच बोलले. "ती आत आहे."

इंजिन डोक्यावर असतं म्हणालो ना. आता ते खाली होतं आणि विमानाला तळाकडे ओढत होतं. आतली हवा तेवढी त्याला वर धरून होती.

मी बूट काढले. मंजूचे आधीच निघाले होते, दोर कमरेला बांधून झाला होता.

"मी जातो," मी म्हणालो.

"अण्णा, तुम्ही दोर धरा. तुमचं पोट त्या दारात अडकेल, मग मला दोघांना काढायला लागेल."

सेल्वम हसला. मी पण हसलो असेन.

दोराची खूण आमच्याकडे ठरलेली. एक झटका, ठीक आहे. दोन झटके, ढील द्या. तीन झटके, ओढा. आठ चारला मंजू खाली गेला. एक झटका. दोन झटके. मी ढील दिली. आठ सहाला वर आला.

"जिवंत आहे. वर वीतभर हवा आहे, त्यात तोंड आहे तिचं. बेल्ट जॅम. चाकू द्या."

सेल्वमनं चाकू दिला.

"आत जाळं आलंय," मंजू म्हणाला. "दारात लोंबतंय. स्वल्प जपून जावं लागेल."

"पाणबुडे निघालेत शहरातून, वॉकीवर आलंय," मी म्हणालो. "थांबायचं का?"

त्यानं विमानाकडे बघितलं. पांढरं पोट मघापेक्षा हातभर कमी दिसत होतं. त्यानं श्वास भरला. आठ सात.

एक झटका.

माझ्या हातात दोर होता आणि मनगटावर घड्याळ. आठ आठ. दोन झटके, ढील. आठ नऊ. दोर सैल. त्याला त्या वीतभर हवेत तोंड घालून श्वास मिळत असेल, असा हिशोब मी करत होतो. आठ दहा. सेल्वम त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होता.

आठ अकरा. एक, दोन, तीन.

आम्ही दोघांनी ओढलं. दोर जड आला. मी म्हणालो, "आला." पाण्यातून आधी केस आले. लांब केस.

दीपा होती. काखेखालून दोर फिरवलेला आणि छातीवर बोलाइनची गाठ. ती गाठ आवळत नाही आणि सुटत नाही. फौजेत ती डोळे बांधून मारायला शिकवतात. मंजूनं स्वतःच्या कमरेचा दोर सोडून तिला बांधला होता आणि तीन झटके दिले होते. म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाला आता तो नव्हता.

मुलगी खोकली. सेल्वमनं तिला आडवी केली. मी बोटीच्या काठावरून खाली बघत होतो. हात दिसेल म्हणून.

आठ बाराला विमानानं श्वास सोडला. एक मोठा बुडबुडा, मग लहान. पांढरं पोट तिरकं झालं आणि खाली गेलं. मी उडी मारली. दोर नव्हता, चाकू नव्हता. पाणी हिरवं, हात पुढे केला तर हात दिसत नव्हता. बोटांना जाळं लागलं. ते मी ओढलं, फाडलं, दातांनी तोडलं. कितीदा वर आलो माहीत नाही. पंगतीत मी सतरा सांगतो. डायरीत आकडा नाही.

नऊ चाळीसला शहरातून आलेल्या पाणबुड्यांनी मंजूला वर आणलं. दोन्ही पायांना जाळं होतं. मी ज्याला आणून देतो म्हणालो होतो, तेच.

चौकशी बसली. मी स्टेटमेंट दिलं. विचारलं, "पाण्यावर लाटा होत्या का?" मी म्हणालो, "बोटीजवळ लाटा होत्या, सर." खोटं नव्हतं. विचारलं, "नियमाप्रमाणे दुसरी फेरी का मारली नाही?" मी म्हणालो, "लेन मोकळी करत होतो, सर." हेही खोटं नव्हतं. निष्कर्ष निघाला की शेवटचा निर्णय पायलटचा असतो. कॅप्टननी तो मान खाली घालून घेतला. परत उडाले नाहीत, असं ऐकलं. बोटीत आणखी कोणी काही बोललं होतं का, असं कोणी विचारलं नाही. सेल्वमला मराठी येत नव्हतं. त्यामुळे मंजूचं ते वाक्य फक्त माझ्याकडे राहिलं.

आणि मी त्याचं काय केलं, ते सांगायला हे लिहिलं.

रिटायर झाल्यावर पहिल्या लग्नात कोणीतरी विचारलं. मी सांगायला लागलो. सांगता सांगता लाटा चढल्या, मगर आली. लोक डोळे मोठे करून ऐकत होते. आणि अठ्ठावन्नाव्या मिनिटाला माझ्या तोंडून निघालं, "मी मंजूला म्हणालो, इस्त्री बसली रे परत, एक फेरी मारू. पण मोटार त्याच्या हातात होती, आणि तोवर वेळ गेली." इतकं सहज निघालं की मलाच खरं वाटलं. त्यानंतर दर वेळी ते वाक्य माझंच. मंजू माझ्या गोष्टीत शूर आहे, वाघासारखा उडी मारतो, पण पाण्याकडे बघत नाही. पाण्याकडे मी बघतो.

वनजा, मंजूची बायको, अशा तीन-चार पंगतींना होती. पदर सावरून ऐकायची. एकदा म्हणाली, "अण्णा, तुम्ही सांगितलेलं ह्यांनी ऐकायला हवं होतं."

मी "सरी" म्हणालो आणि पान खाल्लं.

हा लेख छापायला द्यायच्या आधी मी थर्ड स्टेजला मंजूच्या घरी गेलो. वनजा आता एका ऑफिसात कामाला आहे, रविवारी घरी असते. भिंतीवर मंजूचा युनिफॉर्ममधला फोटो आहे, त्याच्याखाली दीपा दर वर्षी पाठवते ती कार्डं. मी चष्मा लावला आणि हे सगळं तिला वाचून दाखवलं, इथपर्यंत. आत कुकरची शिट्टी झाली तरी ती उठली नाही.

संपल्यावर ती म्हणाली, "म्हणजे फेरी मारू, हे ह्यांनी म्हटलं."

"हो."

"तुम्ही नाही."

"मी नाही. मी नको म्हणालो."

ती उठली, आत गेली, गॅस बंद केला. बराच वेळ आतच होती. मी कागदाची घडी घातली आणि उघडली. एरवी गेल्या गेल्या कॉफी येते. त्या दिवशी उशिरा आली, पण आली.

"घरी पण असंच होतं," ती म्हणाली. "दूध उतू जाणार म्हणून हे बाहेरच्या खोलीतून सांगायचे. नुसत्या वासावरून. मी ऐकायची नाही. मग दूध जायचं." ती फोटोकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. "इतकी वर्षं मला वाटायचं, त्या दिवशी ह्यांचं लक्ष नव्हतं."

मी कॉफीचा कप खाली ठेवला.

"पुढच्या लग्नात ही गोष्ट सांगाल?" वनजानं विचारलं.

"सांगेन. अशीच सांगेन."

"मगर?"

"काढतो."

"राहू दे. पोरांना आवडते. बाकीचं असंच सांगा."

तेव्हा पंगतीत मगर असेल, ती वजा करून ऐका. खाली लिहिलेल्यातून काही वजा करू नका.

नाईक मंजुनाथ राव, बोट वन, ओबीएमवर. सात वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी त्यानं पाण्याकडे बघितलं आणि सांगितलं, इस्त्री बसली परत, एक फेरी मारू. त्याला बरोबर दिसलं होतं.